बारा कोऱ्या कुकीज

माझा मोसम ओठ फुटले की सुरू होतो. लोक कॅलेंडर बघतात, मी सकाळी आरशात खालचा ओठ बघते. त्याला भेग पडली, टाचा चादरीला अडकायला लागल्या, की समजायचं, हवा कोरडी झाली, आता आयसिंग वाळणार. पावसाळ्यात कुकीवर नाव लिहिलं तर दोन दिवसांनीही ते बोटाला चिकटतं. अर्धं नाव डब्याच्या झाकणाला आणि अर्धं कुकीवर, अशी 'सानिका' मी एकदा पोचवली आहे. डिसेंबरात मात्र संध्याकाळी लिहिलेलं नाव सकाळी दगड झालेलं असतं. मग ते पुसता येत नाही, खरवडावंच लागतं.

यंदाही ओठ फुटला आहे. ओट्यावर काकवीची बाटली आली आहे, सुंठ, लवंग, दालचिनी कुटून ठेवली आहे. खिडकीतून शेजारच्या कॉलेजातल्या मुलांची स्वेटर घालून चहा पिण्याची हौस दिसते. थंडी कमी आणि स्वेटर जास्त, असा हा पुण्याचा डिसेंबर. दरवर्षी तो आला की मला चार वर्षांपूर्वीचा एक डिसेंबर आठवतो आणि दरवर्षी मी ठरवते की या वर्षी आठवायचा नाही.

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत मला 'कुकीवाल्या काकू' म्हणतात. पाठीमागे 'तिखट काकू' म्हणतात. दोन्ही बरोबर आहे. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "अंडं नाही ना काकू?" मी सांगते, नाही. काबुली चणे भिजवून शिजवले की जे पाणी उरतं, ते घोटून मी पांढरंशुभ्र आयसिंग करते. हे सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, "मग चण्याचा वास नाही ना येणार?" आणि त्यानंतर, "साखर जरा कमी करता येईल का?" साखरेच्या आयसिंगमध्ये साखर कमी. मी म्हणते, "मग काकडी न्या, बारीक चिरून देते." एकदा एक बाई खरंच रागावून गेल्या. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, जरा बरंच वाटलं.

हा उद्योग मला लागला स्वीडनमध्ये. मुलगा ओंकार तिकडे गोथेनबर्गला नोकरीला होता, त्याच्याकडे मी एक हिवाळा काढला. दुपारी तीनला अंधार पडायचा. ओंकार ऑफिसात, हे पुण्यात, आणि मी खिडकीत. शेजारी इंग्रिद नावाची एकटी म्हातारी राहायची. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची येत नव्हती, आणि दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं होतं, त्यामुळे आमचं छान जमलं. तिने मला वेलदोड्याचे पिळाचे पाव शिकवले, केशर घातलेले नागमोडी बन शिकवले, ज्यांच्या दोन्ही टोकांना एकेक बेदाणा बसवायचा. आणि सांगितलं की तिच्या आईच्या काळी घरी पाहुणी आली की टेबलावर सात प्रकारची बिस्किटं हवीत. सहा ठेवली तर बाई कंजूष, आठ ठेवली तर बाई शेखी मिरवते. हे ऐकून मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. दिवाळीच्या फराळाच्या ताटाकडे बघणाऱ्या बायकांचे डोळे सगळ्या जगात एकच असतात, हे मला तिथे कळलं.

त्या सातांतला राजा म्हणजे सुंठ-दालचिनीचं पातळ, कुरकुरीत बिस्किट. त्याचं नाव पेप्पारकाका. ते इतकं पातळ लाटायचं की उजेडाला धरलं तर बोटाची सावली दिसावी. मी पहिल्यांदा लाटलं तेव्हा इंग्रिदने ते हातात घेतलं, हसली, "व्हेरी नाइस" म्हणाली आणि कुत्र्याला दिलं. कुत्र्याने वास घेतला आणि तो सोफ्याखाली गेला. इतकं स्वच्छ परीक्षण मला पुण्यातसुद्धा कुणी दिलं नव्हतं.

या बिस्किटाची एक रीत आहे. ते तळहातावर ठेवायचं, मनात एक इच्छा धरायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने मधोमध टक्कन मारायचं. बरोबर तीन तुकडे झाले तर इच्छा पुरी होते. दोन झाले, चार झाले, तर मुकाट्याने खायचं. जाड बिस्किट तीन तुकड्यांत मोडत नाही. म्हणजे ज्या बाईला लाटता येत नाही, तिच्या घरी कुणाच्याच इच्छा पुऱ्या होत नाहीत.

मला लाटता येत नव्हतं. वन्संना येत होतं.

वन्सं म्हणजे माझी नणंद, वसुधा. यांच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. लग्न केलं नाही. एका शाळेच्या वाचनालयात नोकरी केली, वेळेआधी निवृत्ती घेतली आणि कसबा पेठेत दोन खोल्यांत एकटी राहते. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवायच्या चिठ्ठ्या लिहून लिहून अक्षर असं झालेलं की किराणामालाची यादीसुद्धा जपून ठेवावी. आणि हात पापडाचे. उडदाचा पापड ती असा लाटायची की पोळपाटाची नक्षी खालून वाचता यायची. मी स्वीडनहून परत येऊन हा उद्योग मांडला, तेव्हा पहिल्या डिसेंबरात ती सहज आली, माझं लाटणं पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, हे बिस्किट आहे की चपलेचा तळ? सरक तिकडे." त्या दिवसापासून लाटणं तिच्याकडे आणि लिहिणं माझ्याकडे अशी वाटणी झाली. अक्षर तिचं चांगलं, तरी लिहिणं मी सोडलं नाही. का सोडलं नाही, ते सांगते.

माझं नाव वैजयंती. पण हे नाव मला चोविसाव्या वर्षी मिळालं. त्याआधी मी कुमुद होते. लग्नात ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं. शेजारी करवली म्हणून वन्सं उभी होती, विशीची, हातात कागद धरून. यांनी एकच मात्रा काढली तेव्हा ती खाली वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "दादा, दोन मात्रा." सगळे हसले. मीही हसले, नवरीने हसायचं असतं. तांदळात दुसरी मात्रा उमटली आणि कुमुद संपली. तो कागद तिच्या हातात होता, म्हणून नावही तिनेच निवडलं असणार, असं मी धरून चालले. विचारलं कुणालाच नाही. तीस-बत्तीस वर्षं हा एक खडा मी जिभेखाली ठेवला होता.

आणि गंमत अशी की तिने ठेवलेलं दुसरं नाव मला मनापासून आवडलं होतं. माझ्या मुलाचं. ओंकारच्या बारशाला आत्या म्हणून त्याच्या कानात नाव तिनेच सांगितलं. इतकं साधं, भरीव नाव मला सुचलं नसतं. मी ते तिला कधी सांगितलं नाही. एखाद्याला आनंद द्यायचा नसेल तर फार काही करावं लागत नाही, नुसतं गप्प बसलं तरी पुरतं.

तर त्या डिसेंबरात ओंकारला मुलगी झाली. तोवर तो पुण्यात परतला होता, हडपसरला फ्लॅट घेतला होता, सई नावाची सून घरात आली होती. ओंकारला सख्खी बहीण नाही. म्हणजे बारशाला आत्या म्हणून पुन्हा वन्संच. ज्या बाईला नवरा नाही, मूल नाही, तिला आपल्या घरांत एरवी कोण विचारतं? लग्नात करवली झाली, बारशाला आत्या झाली, की बाकीची वर्षं ती फक्त हाताखाली उपयोगी पडते. त्या बारशाचा मान हा वन्संचा शेवटचा मान होता. हे तिला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं.

बातमी कळल्यावर चौथ्या दिवशी ती एक पुडकं घेऊन आली. आत पाळण्याच्या आकाराचा तांब्याचा साचा. तिच्या गल्लीतल्या तांबटाच्या मागे लागून करून घेतलेला. "तो म्हणाला, बाई, मी हंडे करतो, खेळणी नाही," वन्सं सांगत होती. "मी म्हटलं, हंडे काय, कोणीही करतं." साच्याच्या कडा गोल घासलेल्या होत्या, बोट कापू नये म्हणून. पाळण्याला दोन बारीक दोऱ्यासुद्धा होत्या. ठरलं की बारशाला येणाऱ्या प्रत्येकाला एक पाळणा द्यायचा आणि त्यावर बाळाचं नाव.

आता या धंद्यातली एक अडचण बघा. बारशाचं नाव पाळण्यापाशी आत्याने कानात सांगेपर्यंत कुणाला कळायचं नसतं. पण कुकीवर लिहायचं तर मला दोन दिवस आधी कळायला हवं. पुण्यातल्या कितीतरी बाळांची नावं त्यांच्या आत्यांच्याही आधी मला ठाऊक असतात. वन्सं अडली. म्हणाली, "बारशाआधी उच्चारायचं नाही म्हणतात." मग तिनेच वाट काढली. "लिहायला काही हरकत नाही." ओट्यावरच्या बिलाच्या मागच्या बाजूला तिने काहीतरी लिहिलं, चार घड्या घातल्या आणि चिठ्ठी वेलदोड्याच्या डब्यात टाकली. "लिहायच्या दिवशी उघड. आधी नाही हं वहिनी."

ती जिना उतरायच्या आत मी उघडली. बोटांना कणीक होती. चिठ्ठीवर ते वाचनालयातलं अक्षर होतं आणि त्या अक्षरात लिहिलं होतं, 'कुमुद'.

तुम्हाला वाटेल, मला भरून आलं असेल. नाही. मला राग आला, इतका की डबा हातातून सुटला आणि वेलदोडे ओटाभर झाले. बत्तीस वर्षांपूर्वी माझ्या अंगावरून काढून घेतलेलं नाव आता माझ्या नातीला, धुऊन घडी करून, परत? जुनं लुगडं बोहारणीला देतात तसं? मला वाटलं, ही मला डिवचते आहे. वयाच्या या टप्प्याला, सगळ्या पाहुण्यांसमोर, पुन्हा एकदा दोन मात्रा. माणूस आपल्याला हवं तेच वाचतो, चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो.

त्याच संध्याकाळी ओंकारचा फोन आला. "आई, नाव आम्ही फायनल केलंय. मिहिका. सर्टिफिकेटवर पण तेच जाणार. कुकीजवर तेच टाक."

"आणि आत्या?"

"तिला आधी सांगितलं तर उगाच ड्रामा होईल गं. तू बघ ना. तू सांग तिला. तुझं ती ऐकते."

"बघते," मी म्हटलं.

नऊ दिवस होते माझ्याकडे. नऊ दुपारी वन्सं कसब्यातून बस पकडून आली, पदर खोचला, आणि लाटत बसली. शंभरावर पाळणे लाटायचे होते. भट्टीतून एकेक ट्रे निघायचा, घरभर लवंग आणि जळत्या काकवीचा वास, आणि ती गुणगुणायची. आवाज वाईट होता, तरी गुणगुणायची. प्रत्येक ट्रेतला एखादा पाळणा दोरीपाशी तुटायचा. तो ती तळहातावर घ्यायची, डोळे मिटायची आणि पेराने टक्कन मारायची. तिचे तीनच तुकडे व्हायचे. नऊच्या नऊ दिवस.

एकदा मी विचारलं, "काय मागताय एवढं वन्सं? आता या वयात नवरा?"

ती हसली नाही, रागावलीही नाही. तुकडा तोंडात टाकत म्हणाली, "नाव बसू दे पोरीला, एवढंच. अंगाला बसलं पाहिजे नाव. नाहीतर आयुष्यभर टोचतं." आणि माझ्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. त्या बघण्यात तिला काहीतरी सांगायचं होतं. मी मान खाली घालून आयसिंग घोटायला लागले. तेव्हा मी तिला ओंकारचं सांगितलं असतं तर? तेव्हा नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं, "जरा पातळ लाटा, मागचा ट्रे जाड आला होता." तो जाड आला नव्हता.

शेवटच्या दुपारी ती म्हणाली, "वहिनी, आज थांबते, लिहिताना बघते." मी म्हटलं, "नको. लिहिताना शेजारी कुणी असलं की माझा हात थरथरतो." ती लगेच उठली. पर्स उचलली, दारात वळून म्हणाली, "खरंच गं, मी समोर नको. उद्याच बघेन." तिच्या चेहऱ्यावर शाळेतल्या मुलीसारखी उत्सुकता होती. मी दार लावलं, आयसिंगचा कोन भरला आणि लिहायला बसले. मिहिका, मिहिका, मिहिका. तिच्या हाताने लाटलेल्या, तिने आणलेल्या साच्याने कापलेल्या एकेका पाळण्यावर. हात एकदाही थरथरला नाही. इतकं सुबक मी त्याआधी लिहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

मनात हिशेब पक्का होता. डब्या दाराशी टेबलावर, पाहुण्यांनी जाताना न्यायच्या. वन्सं पाळण्यात वाकेल, कुमुद म्हणेल, मोठ्याने जाहीर करेल. मग ओंकार हसत हसत म्हणेल, आत्या, अगं, नाव तर वेगळं आहे. मग लोक डब्या उघडतील. मला तिचा तेव्हाचा चेहरा बघायचा होता. एवढंच. लोक म्हणतात, सूड थंड करून खावा. मी तर चांगला भाजून, वाळवून, रिबीन बांधून ठेवला होता.

पण वन्संना रिकामं बसवत नाही. हॉलवर ती सगळ्यांच्या आधी आली आणि डब्या सरळ रांगेत लावायला लागली. मी समोरच्या कोपऱ्यात पाळण्याला झेंडू बांधत होते. तिने एक डबी उचलली, झाकण काढलं, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. वाचलं. दुसरी उघडली. वाचली. तिसरी उचलली नाही. दोन्ही डब्या तिने झाकणं लावून जागेवर ठेवल्या, कडेला कड लावून, पुस्तकं लावतात तशा. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत भांडण नव्हतं. तिला कळलं होतं आणि मला कळलं की तिला कळलं आहे. ती हात धुवायला गेली.

बारसं झालं. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बाळ पाळण्याच्या वरून-खालून फिरलं, पाळण्यात निजलं. वन्सं पुढे झाली, वाकली, "कुर्रर्र" म्हणाली. आत्या कानात सांगत असते तेव्हा बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, तशी रीतच आहे, थट्टेची. मीही घातला. माझा जरा जोरात बसला. तिचा खांदा हलला, पण ती वाकलेलीच राहिली. एक नाव सांगायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ राहिली. मग सरळ उभी राहिली, पदर सारखा केला आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली, "मिहिका."

टाळ्या झाल्या. ओंकारने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. आईने आत्याला व्यवस्थित सांगितलं म्हणून. सईची आई म्हणाली, "किती गोड नाव निवडलंत हो आत्याबाई." वन्सं म्हणाली, "हो ना." कुणालाच काही कळलं नाही. मला जो चेहरा बघायचा होता तो मला सोडून कुणालाच दिसला नाही, आणि मला दिसला तो नुसता एक दमलेल्या बाईचा चेहरा होता.

जाताना ती माझ्यापाशी आली. "कुकीज छान झाल्यात," म्हणाली. "अक्षर सुबक आहे तुमचं." बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला तिने 'तुम्ही' म्हटलं.

घरी जाताना रिक्षात हे म्हणाले, "वसू गप्प होती आज." मी उसळले. म्हटलं, गप्प नाही राहणार तर काय, नावं ठेवायची आणि नावं घ्यायची हौस तिला पहिल्यापासून, माझं नाव नाही का बदललं. हे म्हणाले, "तुझं? तुझं तर आईनं बदललं. वसू भांडली होती आईशी, कुमुद चांगलं आहे म्हणून. आईनं पाहुण्यांसमोर थोबाडीत दिली होती तिला. मग तो कागद हातात दिला, म्हणाली, आता तूच वाच." रिक्षा सिग्नलला उभी होती. मी विचारलं, "हे मला आज सांगताय?" हे म्हणाले, "तू कधी विचारलंस?" आणि बाहेर बघायला लागले. हा आमचा संसार. मी एकटीच निर्दय होते असं म्हणायची सोयसुद्धा यांनी ठेवली नाही.

शहाणी बाई दुसऱ्या दिवशी कसब्यात गेली असती. मी गेले नाही. आधी म्हटलं, तिने यावं. मग म्हटलं, संक्रांतीला बोलू. संक्रांत गेली, गुढी उभारून उतरली. लाज आणि गर्व ही सख्खी भावंडं आहेत, एक उठलं की दुसरं त्याच्या जागेवर बसतं. पुढच्या डिसेंबरात माझ्या फोनवर, जिथे बाकीची गिऱ्हाइकं लिहितात तिथेच, निरोप आला. 'पातळ सुंठीच्या कुकीज, एक डझन. कोऱ्या. काही लिहू नये. आपल्या सोयीने पाठवावे. - वसुधा.' मी बारा कोऱ्या कुकीज पाठवल्या, माझ्या हातच्या, जाड्या. तिने पोच दिली, 'मिळाल्या.' त्याच्या पुढच्या डिसेंबरात पुन्हा तेच. तिसऱ्याही. सणावाराला भेटते, नातीला खाऊ आणते, मला नमस्कार करते. माझ्या ओट्यापाशी मात्र ती पुन्हा कधी आली नाही. गेली चार वर्षं आमच्या घरात ती तीन तुकड्यांची रीत बंद आहे. माझ्या हातच्या कुकीचे कधी दोन होतात, कधी भुगा.

या महिन्यात निरोप चौथ्यांदा आला. त्या दिवशी नात ओट्यावर बसली होती, पाय हलवत. नुकती अक्षरं जुळवायला शिकली आहे आणि दिसेल त्यावर नाव मागते. "आजी, तुझं नाव लिही." मी कोन घेतला आणि पाळण्याच्या कुकीवर वैजयंती लिहायला लागले. 'यं'पाशी कड आली आणि 'ती' खाली ओट्यावर गळली. पोरगी खदखदून हसली. "आजी, तुझं नाव बसतच नाही!" मी दुसरी कुकी घेतली. न ठरवता लिहिलं. कुमुद. बरोबर मधोमध बसलं, दोन्हीकडे जागा राखून.

"ही कोण?" तिने विचारलं.

"होती एक," मी म्हटलं.

मग मी बाराच्या बारा लिहिल्या. रात्रभर वाळू दिल्या, सकाळी डब्यात भरल्या आणि माणसाबरोबर न पाठवता स्वतः घेऊन निघाले. कसब्यात रिक्षा आत जात नाही, गल्लीच्या तोंडाशी उतरले. तांबटांच्या हातोड्यांचा आवाज येत होता. जिना चढताना वाक्य जुळवत होते. वन्सं, चुकलं माझं. तीनच शब्द, पण चौथ्या पायरीला एक आणि आठव्या पायरीला दुसरा असे गळत गेले. तिने दार उघडलं तेव्हा माझ्याकडे फक्त डबा होता.

"या," ती म्हणाली. "स्वतः कशाला आलात?"

तिने पाणी दिलं. केस बरेच पिकले होते. खोलीत पुस्तकं तशीच, पाठीवर चिठ्ठ्या लावलेली. मी डबा पुढे केला. तिने झाकण काढलं, चष्मा खाली घेतला. वाचलं. या वेळी तिने बाराही वाचल्या, एकेक करून. माझे डोळे भरले, ते मी पुसले नाहीत. मला वाटलं, आता हिने एक तळहातावर घ्यावी, टक्कन मारावं.

"वन्सं," मी म्हटलं, "त्या दिवशी पोरीच्या कानात काय सांगितलंत?"

"जिला सांगितलं तिला माहीत."

"मला कळलं हो सगळं. यांनी सांगितलं. त्याच दिवशी."

"त्याच दिवशी?" तिने पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघितलं. "म्हणजे चार वर्षं झाली."

ती उठली. स्वयंपाकघरातून एक बशी आणि बोथट सुरी घेऊन आली, समोर बसली. पहिली कुकी उचलली आणि सुरीच्या पाठीने त्यावरचं नाव खरवडायला लागली. करपलेली भाकरी खरवडतात तसं, न रागावता, नीट. डिसेंबरात वाळलेलं आयसिंग सहज निघत नाही. आधी 'द' गेला, मग 'मु', मग 'कु'. कुकी फुंकून तिने बाजूला ठेवली, दुसरी घेतली. मी बसून बघत राहिले. तिने मला थांबायला सांगितलं नाही आणि जायलाही सांगितलं नाही. गल्लीतला हातोडा चालू होता. बाराव्या कुकीपर्यंत बशीत पांढऱ्या चुऱ्याचा लहानसा ढीग झाला.

"कोऱ्या मागवल्या होत्या," ती म्हणाली. कोऱ्या कुकीज तिने डब्यात परत रचल्या, झाकण लावलं आणि डबा फडताळात ठेवला. मग ती बशी तिने एका कागदावर उपडी केली, कागदाच्या चार घड्या घातल्या आणि पुडी माझ्या हातात दिली.

"हे घेऊन जा वहिनी. तुमचं आहे."